घडीच्या सायकलीवरचा तंदूर

नूरमत दोम्लांच्या घडीच्या सायकलीबद्दल कोकंदमध्ये दोन मतं आहेत. एक दोम्लांचं, दुसरं बाकी सगळ्यांचं. दोम्ला म्हणजे मास्तर; त्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या हातून नापास झालेली, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे मात्र सगळे पोटभर बोलत.

सायकल त्यांनी जुन्या बाजारातून उचलली. लहान चाकं, लांब मानेचं हँडल आणि दांड्याच्या मधोमध एक बिजागरी. खिट्टी वर केली की सायकल कमरेत दुमडायची आणि पलंगाखाली जायची.

"पलंगाखाली कशाला?" त्यांच्या बायकोने, झुम्रादने, विचारलं.

"अगं, जागा वाचते."

"तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं काढली, तेव्हा नाही आणलीत. आता एवढं अंगण आहे, डाळिंबाची झाडं आहेत, मधे उंट उभा राहील. आता जागा वाचवून काय करायचंय तुम्हाला?"

प्रश्न बिनतोड होता. वर्गात असा प्रश्न आला की दोम्ला "हे पुढच्या इयत्तेत आहे" म्हणून सुटका करून घेत, पण घरात पुढची इयत्ता नव्हती. तेव्हा ते म्हणाले, "ही नुसती दुमडत नाही. ओझंही वाहते. आता घरातलं सगळं सामान हीच आणणार, बघच तू." बोलायचं म्हणून बोलले बिचारे. पण बोलून बसले.

मग ओझी वाहणं आलंच. पहिल्या आठवड्यात पिठाचं पोतं आणलं. पोतं मागे ठेवलं की पुढचं चाक उचललं जायचं, म्हणून दोम्ला हँडलवर ओणवे होऊन, छाती टेकवून, नाकासमोर बघत आले. दुसऱ्या आठवड्यात खरबुजं आणली, दोन्ही बाजूंना पिशव्या लोंबकळत. दोन वाटेत फुटली, बारा आली. "बारा आली ना?" असं ते चार दिवस भेटेल त्याला विचारत होते. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या रुखवताच्या आठ रजया आणल्या, तेव्हा ढिगाखाली दोम्ला दिसेनात आणि बाजारातल्या एका म्हातारीने बिनमालकाच्या रजया म्हणून त्यांना हात घातला. हा प्रसंग दोम्ला सांगत नाहीत. म्हातारी सांगते.

शेजारचे सोत्वोल्दी आका हे सगळं फाटकात उभं राहून बघत असत. बसचे निवृत्त ड्रायव्हर, दारात स्वतःची छोटी पांढरी गाडी, त्यामुळे चाक या विषयावर शेवटचा शब्द आपला, असं त्यांचं ठाम मत.

"दोम्ला," एकदा चहाखान्यात अकरा माणसांदेखत ते म्हणाले, "सायकलला कंबर असते का हो कधी? कंबर आली की दुखणं आलं. फार तर कोंबडी बसवा तिच्यावर. तीही हडकुळी बघून."

अकराही माणसं हसली. दोम्लांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तंदूर आणायचाय ना तुम्हाला?" सोत्वोल्दी आका मायेने म्हणाले, आणि माणूस खरंच मायेचा होता. "माझी गाडी घेऊन जाऊ. तासाभराचं काम."

"तंदूर सायकलीवरून येईल," दोम्ला म्हणाले.

यावर कोणी हसलं नाही. एकजण नुसताच खाकरला.

आता हा तंदूर म्हणजे झुम्रादचा जीव की प्राण. त्यांच्या ओयदिनचं लग्न ठरत आलं होतं. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी मुलाकडची माणसं नान मोडायला येणार होती. दोन्ही घरच्यांसमोर एकदा नान मोडला, मोहल्ल्याच्या अक्साकलांनी हात उचलून दुआ मागितली, की मुलगी दिली. मग कोणी मागे फिरायचं नाही. झुम्रादच्या वेळी तिच्या आईने स्वतःच्या तंदुरातला नान पुढे ठेवला होता. आईच्याही आईने तसाच. मग लग्न होऊन झुम्राद तिसऱ्या मजल्यावर गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर तंदूर नसतो. बावीस वर्षं तिने दुकानातला नान खाल्ला आणि कधी अक्षर काढलं नाही. पण मुलीची सोयरीक दुकानातल्या नानावर व्हायची, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. तिने नवऱ्याकडे आयुष्यात मागितलं ते एवढंच: अंगणात एक तंदूर, आणि तोही त्या रविवारच्या आत.

"सोत्वोल्दी आकांची गाडी घ्या हो, ओयदिनचे बाबा," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

"तू काळजी करू नकोस. होशिम उस्तांचं घर आपल्या गल्लीपेक्षा अकरा मीटर उंचावर आहे. नकाशात बघून घेतलंय मी. सबंध वाट उताराची. तंदूर पृथ्वीच खाली आणणार, मी फक्त दिशा द्यायची."

झुम्रादने पृथ्वीवर कधीच फारसा विश्वास ठेवला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दोम्ला कोट चढवून, टोपी नीट बसवून निघाले. कोट अशासाठी, की हमाल समजून कोणी हाक मारू नये. होशिम उस्ता गावाबाहेर तंदूर घडवायचे. माती, बकरीचे केस आणि ऊन, बाकी काही नाही. उस्तांनी आधी दोम्लांकडे पाहिलं, मग सायकलीकडे, मग दोम्लांच्या मागे रस्त्यावर, आणखी काही येतंय का म्हणून.

"हिच्यावर?"

"हिच्यावर."

"दोम्ला, हा अजून कच्चा आहे. आत जाळ होईपर्यंत ही नुसती वाळलेली माती. दोन गोष्टी सांभाळा. आपटायचा नाही आणि भिजवायचा नाही."

"बस, एवढंच?"

"एवढंच," उस्ता म्हणाले, आणि आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटले.

उस्ता आणि त्यांचे दोन भाऊ अशा तिघांनी तंदूर उचलून कॅरिअरवर आडवा ठेवला, तोंड मागे. खाली जुनी रजई, वरून पाच वेढे दोरी. सायकल कण्हली. बसून चालवण्याचा प्रश्नच नव्हता. डावा हात हँडलवर, उजवा हात तंदुराच्या पोटावर, असे दोम्ला चालू लागले. आणि पहिला अर्धा किलोमीटर, खरं सांगायला हवं, अगदी झकास गेला. उतार होता, ऊन कोवळं होतं, सायकल निमूट चालली होती. सोत्वोल्दी आका आता दिसले तर काय बोलायचं, ते दोम्लांनी मनात दोनदा घोळवूनही पाहिलं.

मग ओळखीची माणसं भेटायला लागली.

दोम्लांनी भार मोजला होता, उतार मोजला होता, दोरीचे वेढे मोजले होते. पण नमस्काराचा हिशेब धरायचा राहून गेला होता. कोकंदच्या रस्त्यावर माणूस दिसला की उजवा हात छातीवर ठेवायचा, किंचित वाकायचं आणि विचारायचं: बरे आहात ना, दमला नाहीत ना, घरचे खुशाल, पोरंबाळं खुशाल, कामधंदा ठीक? समोरच्यानेही हेच सगळं विचारायचं. उत्तर कोणीच देत नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि उजवा हात तर तंदुरावर!

पहिला भेटला तो शाळेचा जुना शिपाई. दोम्लांनी नुसती मान हलवली. शिपायाचा चेहरा पडला. "दोम्ला मोठे झाले," तो शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला. एकतीस वर्षांची अब्रू! दोम्ला थांबले, मागे वळले, हात छातीवर ठेवला, तंदूर कलला, पोट लावून सावरला, आणि पोट लावलेल्या अवस्थेतच घरच्यांची खुशाली विचारली.

मग ठरूनच गेलं. औषधवाला भेटला: हात छातीवर, तंदूर पोटावर. मग एक जुना विद्यार्थी, हल्ली दाढीवाला न्हावी: हात छातीवर, तंदूर खांद्यावर. न्हाव्याने वर चहाला बोलावलं. तीनदा नाही म्हणावं लागलं, आणि प्रत्येक 'नाही'ला हात छातीवर. चौकातला वाहतुकीचा हवालदारही विद्यार्थीच निघाला. दोम्लांना बघताच त्याने शिट्टी फुंकून चारी बाजूंच्या गाड्या थांबवल्या, आणि मधोमध उभा राहून त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागला. दोन बस, एक दुधाची गाडी आणि गाढवावरचा एक गवतवाला हे संभाषण शेवटपर्यंत ऐकत थांबले होते.

"दोम्ला, पृथ्वीचा आस किती अंशांनी कललाय ते मला अजून आठवतंय!" हवालदार अभिमानाने म्हणाला.

"माझाही कलतोय रे बाबा, मला जाऊ दे," दोम्ला म्हणाले.

चार किलोमीटरांत त्यांनी सव्वीस जणांची खुशाली विचारली. सव्विसाव्यापर्यंत डावा हात बधिर झाला होता, कोटाची एक बाही मातीने पांढरी झाली होती, आणि दांड्याच्या मधोमध, बिजागरीत, काहीतरी बारीक आवाजात किरकिरू लागलं होतं. पण गल्लीचं तोंड दिसलं. तुतीचं झाड, बाजूने वाहणारा पाण्याचा पाट, पुढे सहावं फाटक आपलं. दोम्लांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि तुतीखाली, बाकावर, अक्साकल चहा पीत बसले होते.

अक्साकल म्हणजे मोहल्ल्याचे प्रमुख. वय ऐंशी, पांढरी दाढी, मोहल्ल्याचा शिक्का खिशात. यांना एका हाताने भागत नाही. थांबायचं, समोर जायचं, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरायचा. उमटलेली पावलं मागे घेता येतील का, असा विचार दोम्लांनी केला. पण म्हाताऱ्याची नजर घारीची.

"या, दोम्ला! काय घेऊन निघालात?"

दोम्लांनी स्टँड पायाने खाली पाडला. सायकल नीट उभी आहे ना ते पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं, दुसरं टाकलं, आणि दोन्ही हातांत अक्साकलांचा हात घेतला.

"बरे आहात ना? दमला नाहीत ना? घरचे..."

मागे टक् झालं. खिट्टी निघाली. सायकल ज्यासाठी बनवली होती ते तिने एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून केलं. ती दुमडली. तंदूर दोरीतून सुटला, एक गिरकी घेतली, उतारावरून गडगडला आणि पाटाच्या काठाला, तुतीच्या बुंध्याशी, तोंड वर करून बसला. अगदी मांडून ठेवावा तसा. खालची कड ओल्या चिखलात चार बोटं रुतली.

"...खुशाल?" दोम्लांनी वाक्य पुरं केलं.

गल्ली जमायला वेळ लागला नाही. सोत्वोल्दी आका आले, त्यांनी सायकलीकडे पाहिलं, दोम्लांकडे पाहिलं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच. त्यांनी गाडी काढली आणि होशिम उस्तांना घेऊन आले.

उस्तांनी तंदुराभोवती फेरी मारली, बोटाने टिचक्या मारल्या, कान लावला.

"एक केसाएवढी चीर आहे. ती लिंपता येईल. पण बूड ओलं झालंय. आता उचललात तर हातात ढेकळं येतील. बसलाय तिथेच बांधून घ्या. ऊन चांगलंय, पाच दिवसांत वाळेल."

"इथे?" गर्दीतून वाट काढत झुम्राद पुढे आली होती. "रस्त्यावर?"

"नाहीतर नवा करतो. वीस दिवस लागतील."

रविवार नऊ दिवसांवर होता. झुम्राद तुतीखाली बसली आणि ओढणीचं टोक तोंडाला लावून रडली. "अंगणात मागितला होता मी," एवढंच ती म्हणाली. "एकच गोष्ट मागितली होती." दोम्लांना त्या क्षणी पाटात उडी घ्यावीशी वाटली. पण पाट गुडघाभर होता.

दुसऱ्या दिवसापासून दोम्ला कामाला लागले. रस्त्यावर तंदूर बांधायचा म्हणजे परवानगी हवी. अक्साकल म्हणाले, मी शिक्का मारतो, पण आधी जमिनीच्या कचेरीचा कागद आणा. जमिनीच्या कचेरीत विचारलं, तंदूर हे बांधकाम की सामान? बांधकाम असेल तर नकाशा लागेल, सामान असेल तर ते रस्त्यावर ठेवता येत नाही. दोम्लांनी रात्रीतून नकाशा काढला, समतल रेषांसकट, उत्तर दिशा दाखवून. कारकुनाने त्याची तारीफ केली आणि विचारलं, धूर येतो का? येतो? मग अग्निशमनवाल्यांचा कागद. अग्निशमनवाले म्हणाले, जवळ पाणी आहे का? दोम्ला म्हणाले, पाणीच तर आहे, त्याच्यामुळेच हे सगळं झालं. तो कागद तेवढा मिळाला. मग पाटबंधारे खातं म्हणालं की पाटापासून तीन मीटरांत काहीही असू नये. दोम्ला म्हणाले, मी ठेवला नाही, तो बसला. अशी नोंद करायला रकाना नव्हता.

दोम्ला कचेऱ्या पालथ्या घालत होते तोवर गल्लीतल्या बायकांनी तंदूर बांधूनही टाकला. कोणी बोलावलं नव्हतं. सोत्वोल्दी आकांची बायको घमेलं घेऊन आली, तिच्यामागे दुसरी, मग सहा-सात. चीर लिंपली, भोवती कच्च्या विटांचा ओटा केला, आणि पाच दिवस ऊन खाऊन झाल्यावर सहाव्या दिवशी आत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. आतली भिंत आधी काळी पडली, मग हळूहळू पांढरी झाली. झुम्रादने बाह्या वर केल्या, पिठाचा गोळा थापला, मधे ठसा मारला, पाण्याचा हात फिरवला आणि वाकून भिंतीला लावला. नान दोन क्षण चिकटला आणि राखेत पडला.

"बावीस वर्षांनी हात घातलास गं, पडणारच."

"पीठ सैल झालंय, झुम्राद ओपा."

"पीठ नाही, भिंत जास्त तापलीय. मिठाचं पाणी मारा."

"माझी सासू म्हणायची, लावताना श्वास धरायचा."

त्या दिवशी पाच पडले. दुसऱ्या दिवशी तीन. झुम्रादच्या मनगटावर भाजल्याच्या दोन रेघा उठल्या आणि ती रात्री त्यांना दही लावून, हात वर धरून झोपली. दोम्ला जागे होते. "मी बाजारातून चांगले नान आणून ठेवू का, आपले असावेत म्हणून?" त्यांनी हळूच विचारलं. तिने अंधारात पाठ फिरवली, तशी त्यांनीही लगेच कूस बदलली.

रविवार उजाडला. दोम्लांनी टाय बांधला. मुलाकडची माणसं अकराला येणार होती. बैठकीत दस्तरखान अंथरलं, बदाम-मनुका मांडल्या, मधे नानासाठी जागा ठेवली. दोम्लांनी एक छोटंसं भाषण लिहिलं होतं, दोन्ही बाजूंनी भरलेली तीन पानं. सुरुवात खोऱ्याच्या हवामानापासून होती. ते गादीवर बसून तालीम करत राहिले. झुम्राद सकाळीच तंदुराकडे गेली होती.

पुढे काय झालं ते दोम्लांना नंतर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. सगळ्यांत जुळणारं एवढंच.

मुलाची आजी, बुवी म्हणत त्यांना, पंचाऐंशीच्या. त्यांना धीर नसे. त्यांच्यापायी सगळे अकराऐवजी दहालाच पोहोचले. गाड्या गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि तिथेच थांबल्या, कारण तंदूर आणि त्याचा ओटा मिळून अर्धी गल्ली अडली होती. नेमके तेव्हाच अक्साकल हातात फीत घेऊन अतिक्रमणाची मापं घेत होते. कचेरीने मागितली होती. झुम्राद तंदुरात अर्धी वाकलेली, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत पीठ. तिने पहिला नान ओढून काढला. पडला नव्हता. लालबुंद, फुगलेला, मधे ठसा उमटलेला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"पोरी," बुवी गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "या वासाने माझा जीव गेला. बघू तो."

झुम्रादने त्यांना ओळखलं नाही. रस्त्याने जाणारी कोणी म्हातारी, भुकेली, एवढंच तिला दिसलं. तिने दोन्ही हातांनी नान पुढे केला. बुवी गाडीतून उतरल्या, बिस्मिल्ला म्हणाल्या, नान मधोमध मोडला आणि अर्धा झुम्रादला दिला. "एकटी कशी खाऊ? तूही घे. कोण गं तू?"

"ओयदिनची आई."

"अगं बाई! आणि मी मुलाची आजी!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, हातात एकाच नानाचे दोन अर्धे. मागून मुलाचे आईबाप उतरले, बायका धावल्या. आणि अक्साकलांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोन घरच्या दोन बायका आणि मधे मोडलेला नान बघितला, आणि त्यांनी फीत काखेत धरून दोन्ही हात वर उचलले. दुआ सुरू झाली. दुआ सुरू झाल्यावर कोण थांबवणार? गल्लीभर हात उचलले गेले, गाड्यांच्या ड्रायव्हरांचेसुद्धा. "आमीन!" सगळे म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवले.

बैठकीत दोम्ला भाषणात दुसऱ्या पानावर होते. बायकांचा गलका ऐकून ते अनवाणीच धावत सुटले. तुतीखाली मिठ्या पडत होत्या. सोत्वोल्दी आका डोळे पुसत होते. बुवी ओट्यावर बसून दुसरा नान मागत होत्या.

"काय झालं? आली का माणसं? आत चला ना, आत सगळं मांडलंय!"

"मुबारक असो, दोम्ला," अक्साकल म्हणाले. "मुलगी दिलीत तुम्ही."

"मी? केव्हा?"

"आत्ताच."

तीन पानं दोम्लांच्या हातातच राहिली होती. एकुलत्या एका मुलीची सोयरीक, आणि बाप घरात हवामानावर बोलत होता, तेही भिंतीशी.

"अगं, माझं भाषण..."

झुम्राद त्यांच्याकडे वळली. तोंड जाळाने लाल, भुवयांवर पीठ, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. तिच्या तंदुरातल्या, तिच्या हातच्या नानावर मुलीची सोयरीक झाली होती. तिने आपल्या अर्ध्यातला एक तुकडा मोडला आणि भरल्या गल्लीत, सगळ्यांदेखत, नवऱ्याच्या तोंडात घातला.

"आता काही बोलू नका," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खा."